लॅमिनेशनचं मशीन घेताय? आधी गोंदाची चौकशी करा

घरात किंवा दुकानात एखादं जुनं लॅमिनेट केलेलं कव्हर असेल, फाटलं तरी हरकत नाही असं, तर ते हातात घ्या. कोपऱ्यात नखाने फिल्म सोडवा आणि सावकाश मागे ओढा. फिल्मबरोबर कागदाचा पांढरा पापुद्रा उचलला गेला, तर काम फर्स्ट क्लास झालं होतं. गोंद इतका घट्ट बसला होता की शेवटी कागदालाच फाटावं लागलं. फिल्मवर छपाई उतरून आली आणि खाली कोरा कागद राहिला, तर गोंदाने धरलं होतं, पण शाईने कागद सोडला. आणि फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली, छपाई जागच्या जागी राहिली, तर गोंदाने शाईला धरलंच नव्हतं. नुसता शेजारी बसला होता.

या तिन्ही निकालांत वरच्या प्लास्टिकचा काही दोष-गुण निघाला नाही. तरी आमच्या धंद्यात गिऱ्हाईक विचारतं, "ग्लॉस की मॅट?", प्रेसवाला विचारतो, "मशीन केवढ्याला?", आणि ज्याच्या जिवावर सगळं चिकटून राहणार त्या गोंदाचं नावही कुणी काढत नाही.

माझ्या भाच्याने पुण्यात सिंहगड रोडला डिजिटल प्रिंटिंगचं दुकान टाकलंय. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

"मामा, चौदा इंची थर्मल मशीन बघून आलोय. देऊन टाकू का टोकन?"

"चालवणार कशावर?"

"डिजिटल प्रिंटवर. तेरा-एकोणीस इंची शीट."

"आणि फिल्म?"

"ती काय, मशीनवाला दोन रोल फुकट देतोय की."

म्हटलं, टोकन खिशात ठेव आणि संध्याकाळी नऱ्ह्याला ये. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं तेच जरा नीट मांडून इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन महिन्यातून एखादा तरी येतोच.

फिल्म म्हणजे दोन वस्तू

आपण ज्याला थर्मल फिल्म म्हणतो ती एक वस्तू नाही. वर प्लास्टिकचा पातळ पदर आणि खाली आधीच लावून वाळवलेला गोंद. वरचा पदर बहुतेक वेळा बीओपीपीचा असतो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन दोन्ही दिशांना ताणून केलेली फिल्म. गोंद असतो इव्हीएचा, म्हणजे इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेटचा. परफेक्ट बाइंडिंगच्या, म्हणजे पुस्तकाचा कणा गोंदाने चिकटवायच्या, भांड्यात वितळणारा हॉटमेल्ट आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणतात त्या ग्लू गनच्या कांड्या बऱ्याचदा याच घराण्यातल्या. गार असताना कोरडा, गरम झाला की वितळतो, दाब मिळाला की कागदात शिरतो, गार झाला की धरून ठेवतो.

ही फिल्म फार लांबून येते असंही नाही. बीओपीपीतली देशातली एक मोठी कंपनी कॉस्मो, १९८१ साली सुरू झालेली, तिचे कारखाने वाळूज आणि शेंद्र्याला आहेत.

पॉलिप्रॉपिलीनचा स्वभाव मुळात अलिप्त. त्या प्लास्टिकच्या डब्यावर लावलेलं लेबल चार दिवसांत कोपऱ्यातून सुटतं, ते यामुळेच. म्हणून कारखान्यात फिल्मच्या पृष्ठभागावर उच्च दाबाच्या विजेचा मारा करतात. त्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. त्याने पृष्ठभाग गोंद किंवा शाई धरायला तयार होतो. ही तयारी डाइन या एककात मोजतात आणि साधारण ३८ डाइनच्या वर असेल तर फिल्म कामाची. मापायला खास पेन मिळतं: रेघ ओढली, ती सलग राहिली तर ठीक, थेंब थेंब होऊन गोळा झाली तर ट्रीटमेंट उतरली. हो, ती उतरते. वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेला रोल स्वस्तात मिळतो, त्यामागे कधी कधी हे कारण असतं. लॅमिनेशनवर स्पॉट यूव्ही (ठराविक भागापुरतं चकचकीत कोटिंग) किंवा फॉइल मारायचं असेल तर फिल्मची बाहेरची बाजूही ट्रीट केलेली हवी, आणि हे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. नाहीतर यूव्ही नखाने निघतं आणि तुम्ही यूव्हीवाल्याशी भांडत बसता.

आता मायक्रॉन. बाजारात थर्मल फिल्म साधारण २४ ते ३० मायक्रॉनमध्ये मिळते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण "२७ मायक्रॉन" एवढं ऐकून अर्धीच गोष्ट कळते. १५ चा पदर आणि १२ चा गोंद हेही २७, आणि १७ चा पदर आणि १० चा गोंद हेही २७च. हाताला दोन्ही सारखेच लागतात. पहिल्यात चिकटवायला माल जास्त, दुसऱ्यात कमी. तेव्हा विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा: "बेस किती आणि कोटिंग किती?" उत्तर द्यायला तो अडखळला तर पुढच्या दुकानात जा. बुधवार-नारायण पेठेत दुकानांना तोटा नाही.

एकूण जाडी तरी खरी आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. ग्लॉस फिल्मचे ए-फोर मापाचे दहा तुकडे कापा आणि ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर एकत्र ठेवा. २७ मायक्रॉनची फिल्म असेल तर साधारण साडेपंधरा ग्रॅम भरायला हवेत. मॅट फिल्मची घनता थोडी कमी असते, म्हणून हा हिशेब ग्लॉसवरच करा.

गोंद कुठून येतो, त्यावर मशीन ठरतं

थर्मलमध्ये गोंद फिल्मवर आधीच असतो, मशीनने फक्त उष्णता आणि दाब द्यायचा. सुरू केलं, पंधरा-वीस मिनिटांत तापलं, वीस शीट मारल्या, बंद केलं. सुटं काम, लहान ऑर्डरी, डिजिटल प्रेस यांच्यासाठी हेच बरं. फिल्म महाग पडते, पण वाया कमी जातं.

वेट लॅमिनेशनमध्ये साधी बिनगोंदाची बीओपीपी, १०-१२ मायक्रॉनची, रोलवरून येते. मशीन तिच्यावर पाण्यात कालवलेला गोंद लावतं, थोडा वाळवतं आणि शीटवर दाबतं. फिल्म स्वस्त, गोंद स्वस्त. पण गोंद चढवणं, उतरवणं, मशीन धुणं यात वेळ आणि माल जातो, शीटा थप्पीला लावून काही तास मुरू द्याव्या लागतात आणि पातळ कागद त्या ओलाव्याने फुगतो. हजारोंच्या कामाला वेट परवडतं. दिवाळी अंकांच्या कव्हरांची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जी झुंबड उडते, ती याच मशीनवाल्यांकडे. नवीन धंदा टाकणाऱ्याने वेट मशीनच्या वाट्याला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते काम जॉबवर्कला द्या.

कोल्ड लॅमिनेशनमध्ये गोंद स्टिकरसारखा कायम चिकट असतो, मागे सोलून काढायचा रिलीज पेपर, आणि मशीन नुसतं दाबायचं काम करतं. व्हिनाइल, बोर्ड, स्टँडी, गाडीवरचे ग्राफिक्स यांना हे लागतं, कारण व्हिनाइलला थर्मलची उष्णता सोसत नाही. थोडी ऊब देणारी मशीनं येतात, साधारण ५०-६० अंशांपर्यंत. थंडीच्या दिवसांत गोंद आखडतो तेव्हा ती कामाला येतात.

राहता राहिलं पाऊच. दोन पाकळ्यांच्या मध्ये कागद घालायचा आणि मशीनमध्ये सोडायचा. पाऊचचे मायक्रॉन सांगतात ते एका बाजूचे. १२५ चा पाऊच म्हणजे दोन्ही मिळून २५०. जून महिन्यात शाळांच्या ओळखपत्रांवर दुकानाचं भाडं काढणारे लोक मला माहीत आहेत, तेव्हा या मशीनला हसू नका. आणि पाऊचचा एक गुण बाकी कुणात नाही: कागदाच्या बाहेर चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर फिल्म फिल्मला चिकटते, म्हणून पाणी आत जात नाही. शीट लॅमिनेट करून कटिंग केली की कागदाची कड उघडी पडते आणि तिथून पाणी शिरतं. हॉटेलवाला मेन्यू कार्ड रोज ओल्या फडक्याने पुसतो आणि महिन्याने ते कडेने फुगलं म्हणून तुमच्याकडे घेऊन येतो. त्याला आधीच सांगा: लॅमिनेट केलेलं सगळंच वॉटरप्रूफ नसतं.

गोंदाखाली काय आहे

गोंद कागदाला नाही, शाईला चिकटतो. पूर्ण सॉलिड छपाई असेल तर त्याला कागद दिसतही नाही. म्हणून तुमची शाई कोणती, यावर निम्मं यश ठरतं.

ऑफसेटची शाई हवेशी संयोग होऊन वाळते. वरून कोरडी वाटली तरी आतून ओली असते. निदान २४ तास थांबायचं, पावसाळ्यात आणखी, कारण दमट हवेत ती रेंगाळते. दुसरी भानगड पावडरची. ओल्या शीटा एकमेकींना लागू नयेत म्हणून मशीनवर बारीक पावडर फवारतात, बहुधा स्टार्चची. गिऱ्हाइकाला घाई असते, मशीनमन पावडरचा नळ सोडून देतो, आणि लॅमिनेशन झाल्यावर गडद निळ्यावर चांदीसारखे बारीक ठिपके दिसतात. त्याला आम्ही सिल्व्हरिंग म्हणतो. प्रत्येक ठिपका म्हणजे पावडरच्या कणाभोवती अडकलेला हवेचा बुडबुडा. शीटा स्वच्छ मऊ कापडाने झटकून घेतल्या तरी निम्मा त्रास जातो. सोनेरी-चंदेरी शाईत मेण आणि धातूची पूड असते, तिथे फिल्म धरेल याची हमी मी कुणालाच देत नाही. आधी चार शीटा करून बघायच्या, मगच "हो" म्हणायचं.

डिजिटलचं दुखणं वेगळं. इथे शाई नाही, टोनर आहे, म्हणजे वितळवून बसवलेली प्लास्टिकची पूड. टोनर बसवणारा रोलर चिकटू नये म्हणून जुन्या मशीनमध्ये सिलिकॉनचं तेल वापरायचे. नव्या टोनरमध्ये बहुधा मेण मिसळलेलं असतं. तेल काय आणि मेण काय, दोन्ही गोंदाचे वैरी. साधी थर्मल फिल्म तिथे वरवर बसते, दुकानातून जाताना छान दिसते आणि आठवड्याने घडीवर सुटते. यासाठी जास्त आणि जहाल गोंदाची फिल्म येते. बाजारात "डिजिटल फिल्म" म्हणा, "सुपरस्टिक" म्हणा, देणारा समजतो. महाग आहे. पण भाच्याला मी सांगितलं, तुझ्याकडे फक्त हीच ठेव. दोन जातीचे रोल ठेवलेस तर गर्दीच्या दिवशी पोरगा चुकीचा लावणार म्हणजे लावणारच.

तपासणी सोपी. लॅमिनेट केलेली शीट एक दिवस ठेवा, गोंदाला पूर्ण जोर यायला तेवढा वेळ लागतो. मग सर्वांत काळ्या भागावर ब्लेडने फुलीसारखा छेद द्या आणि मध्यातून फिल्म उचलायचा प्रयत्न करा. नंतर शीट क्रीझ करून, म्हणजे घडीची खाच पाडून, घडी घाला आणि घडीवर पांढरी रेघ येते का बघा.

इको-सॉल्व्हंटवर छापलेलं व्हिनाइल हा तिसरा प्रकार. त्यातला द्राव उडून जायला निदान २४ तास द्यायचे. आणि रोल घट्ट गुंडाळून ठेवला तर ते २४ तास फुकट. वाफ बाहेर पडणार कुठून? सैल गुंडाळी करून उभी ठेवा. घाई केली तर तो द्राव गोंदाला मऊ करतो, कडा गुंडाळतात आणि गिऱ्हाईक म्हणतं तुमचं स्टिकर हलकं होतं. लेटेक्स प्रिंट, म्हणजे पाण्याच्या शाईची, मात्र निघाल्याबरोबर लॅमिनेट करता येते.

पुण्याचा पाऊस आणि वाकलेली कव्हरं

माझं सर्वांत महागात पडलेलं काम एका कवितासंग्रहाचं होतं. जुलैचा महिना, २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या कागदाचं) कव्हर, मॅट फिल्म. संध्याकाळी बाइंडरकडून प्रती आल्या त्या सरळ होत्या. दुसऱ्या दिवशी प्रकाशनाच्या टेबलावर मांडल्या आणि भाषणं संपेपर्यंत सगळ्या कव्हरांनी आ वासला. कवी भला माणूस, म्हणाला, "पुस्तक स्वतःहून उघडतंय, शुभशकुन समजू." पैसे मात्र त्याने कापून दिले, आणि बरोबरच केलं.

झालं होतं असं. कागद हवेतला ओलावा पितो आणि पसरतो, पापड दमट हवेत जसा मऊ पडतो तसा. फिल्म ओलावा पीत नाही. कव्हरच्या बाहेरच्या बाजूला फिल्म, तिथे कागद अडकलेला. आतली बाजू उघडी, ती पसरली. एक बाजू वाढली, दुसरी तेवढीच राहिली, मग कव्हर फिल्मच्या बाजूला वळणारच. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हेच उलटं होतं.

त्यात मशीनने भर घातली होती. बीओपीपी ताणून बनवलेली असते, आणि तापली की तिला मूळ आकार आठवतो. पहिल्या धुण्यात आटणाऱ्या कापडासारखं. कारागिराने सुरकुत्या पडू नयेत म्हणून रोलचा ब्रेक घट्ट केला होता आणि तापमानही चढवून ठेवलं होतं. म्हणजे ताणलेली फिल्म आणखी ताणून चिकटवली. ती गार झाल्यावर आखडणार नाही तर काय करेल?

तेव्हापासून पावसाळ्यात मी चार गोष्टी पाळतो. रोलचं टेन्शन सुरकुती न पडण्याइतपतच. तापमान चिकटण्यापुरतंच, बीओपीपीच्या थर्मलला साधारण ९५ ते ११० अंश पुरतात, नेमका आकडा फिल्मवाल्याच्या कागदावर असतो. कव्हरच्या कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर, कारण कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो. ग्रेन आडवा पडला की कव्हर कण्यापासून उचललं जातं. आणि रीमचं वेष्टण कामाच्या वेळेपर्यंत फोडायचं नाही. ओलावा थोडा आत-बाहेर करू देणारी नायलॉनची फिल्मही असते, कव्हर सपाट राहतं, पण भाव ऐकून प्रकाशक पुन्हा बीओपीपीवर येतो.

आता मशीन

थर्मल मशीनचं काम एवढंच: उष्णता, दाब आणि वेळ. यातलं काही कमी पडलं तर दुसऱ्याने भरून काढावं लागतं. १३० जीएसएमचा आर्ट पेपर पटकन तापतो. ३०० जीएसएमचं आर्टकार्ड रोलरमधली उष्णता ओढून नेतं. इथेच स्वस्त मशीन उघडं पडतं. पहिल्या पाच शीटा सुंदर, पन्नासावी बरी, दीडशेव्या शीटवर सिल्व्हरिंग. कारण हीटर जेवढी उष्णता भरतोय त्यापेक्षा कार्ड जास्त पळवतंय. डेमो दाखवणारा नेहमी पाचच शीटा मारून दाखवतो. तुम्ही स्वतःचं ३०० जीएसएम कार्ड, स्वतःची सर्वांत काळी छपाई घेऊन जा आणि सलग दोनशे शीटा मारायला लावा. त्याने तोंड वाकडं केलं तर करू दे.

पॅनेलवरचा आकडा सेन्सरचा असतो, रोलरच्या दोन्ही टोकांचा नाही. म्हणून काहीजण तापमान मोजायची गन घेऊन जातात. चकचकीत क्रोम रोलरवर ही गन खोटं बोलते, खरं तापमान असतं त्यापेक्षा पुष्कळ कमी दाखवते, कारण चकाकणारा धातू उष्णता किरणांनी फारशी बाहेर टाकत नाही. रोलरवर उष्णता सोसणाऱ्या मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्या टेपवर मोजा. डावं, मधलं, उजवं, तिन्हीकडे.

दाब तपासायला यंत्र लागत नाही. मशीन गार आणि बंद असताना कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या रोलरमध्ये डावीकडे, मध्ये, उजवीकडे धरा, दाब द्या आणि एकेक ओढून बघा. एक सहज निघाली आणि दुसरी फाटली, तर दाब सारखा नाही.

जुनं मशीन घेत असाल तर रबराच्या रोलरवरून हात फिरवा. फिल्म गुंडाळली गेली की पोरं कटर घेऊन रोलरवरच कापतात. त्या एका कापाची रेघ पुढे प्रत्येक शीटवर ठराविक अंतराने उमटत राहते. रोलरवर पुन्हा रबर चढवून मिळतं, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

लाईटचं आपल्याकडे विसरून चालत नाही. दोन-तीन किलोवॉटचं मशीन सिंगल फेजवर चालतं, पण त्याला १६ अँपियरचं स्वतंत्र पॉइंट हवं. पंख्याच्या बोर्डावरून जोड घेऊ नका. घरगुती इन्व्हर्टर हीटर ओढत नाही. आणि दुरुस्तीसाठी लाईट गेली की धावत जाऊन पहिलं काम, रोलरचा दाब सोडायचा. तापलेला रबर रोलर दाबाखाली तसाच उभा राहिला तर त्याला सपाट डाग पडतो आणि मशीन जन्मभर धक् धक् करतं.

रुंदी किती घ्यायची? तेरा-एकोणीसची शीट तेरा इंची बाजूने सोडली तर चौदा-पंधरा इंची मशीन पुरतं, भाच्याचा आकडा चुकीचा नव्हता. एका बाजूच्या लॅमिनेशनला फिल्म शीटपेक्षा थोडी अरुंदच लागते, दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटर सोडून. नाहीतर बाहेर आलेला गोंद खालच्या रोलरला लागतो आणि पुढची शीट मागून घाण होते. रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीचं माप मात्र घेण्याआधी बघा. लहान मशीनना एक इंची कोर, मोठ्यांना तीन इंची. एखादं मशीन भलत्याच मापाचा कोर मागत असेल तर जन्मभर त्याच विक्रेत्याचे रोल घ्यावे लागतात. दोन रोल फुकट मिळण्यामागे कधी कधी हेच असतं.

वरचा पदर शेवटी

ग्लॉसने रंग उठतात, फोटो खुलतात. मॅट डोळ्यांना शांत, पण रंग थोडे मवाळ होतात आणि काळ्या मॅटवर नखाचा ओरखडा रांगोळीसारखा दिसतो. अशा कामाला ओरखडा सोसणारी अँटी-स्क्रॅच फिल्म सुचवा. व्हेल्वेट हाताला मऊ लागते, लग्नपत्रिकेवर आणि परफ्युमच्या बॉक्सवर शोभते, पाठ्यपुस्तकावर पैसे वाया. बॉक्सचं काम असेल तर पेस्टिंगची पट्टी बिनलॅमिनेशनची सोडा किंवा पेस्टिंगवाल्याकडून लॅमिनेशनवर धरणारा गोंद आहे का विचारून घ्या. साधा पाण्याचा गोंद बीओपीपीवर बसत नाही, आणि मिठाईवाल्याचे बॉक्स लक्ष्मीपूजनाच्या सकाळी उकलले तर तो तुम्हाला शोधत येईल.

मिठाई आणि पत्रिकांवरून आठवलं. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत मिठाईचे बॉक्स, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्याभोवती गुंडाळायची फिल्म आहे, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत. त्यामुळे "पत्रिकेला वरून पारदर्शक कागद गुंडाळून द्या" म्हणणाऱ्या पार्टीला नाही म्हणायला शिका. लॅमिनेट केलेला कागद रद्दीतही वेगळा काढतात, कारण लगदा करताना फिल्म सुटत नाही. नुसती चमक हवी असेल आणि वस्तू चार दिवस टिकायची असेल, तर वॉर्निश कोटिंगवर भागतं का हे आधी बघा.

हिशेब

जॉबवर्कवाले भाव शंभर चौरस इंचांवर सांगतात. तेरा-एकोणीसची शीट २४७ चौरस इंच, म्हणजे अडीच भाव. स्वतःचं मशीन असेल तर असं मोजा: २७ मायक्रॉनची एक किलो फिल्म साधारण ४० चौरस मीटर भरते. साडेबारा इंच रुंद आणि एकोणीस इंच लांब तुकडा सुमारे ०.१५ चौरस मीटरचा. म्हणजे किलोमागे एका बाजूच्या २६० शीटा. सुरुवातीचं वाया, मधले जोड वगैरे धरून मी २५० च धरतो. किलोच्या भावाला २५० ने भागा, त्यात लाईट आणि माणसाचा वेळ घाला, आणि जॉबवर्कच्या भावाशी ताडून बघा. दिवसाला शंभर शीटाही निघत नसतील तर पैशाच्या हिशेबात जॉबवर्क जिंकतं. पण नारायण पेठेतून पर्वतीच्या इस्टेटीत पावसात स्कूटरवर छापील शीटा नेऊन आणणं हाही खर्चच आहे, आणि तो कुठल्या बिलात लिहिलेला नसतो.

गिऱ्हाइकाचं सगळंच लॅमिनेट करून द्यायचं नसतं, हेही भाच्याला सांगितलं. मूळ गुणपत्रिका, जुने दस्त आणले तर आधी विचारा, कारण एकदा केलेलं सुखरूप काढता येत नाही. बिलाच्या, एटीएमच्या गुळगुळीत कागदावर उष्णतेनेच छापलेलं असतं. ती पावती गरम मशीनमध्ये गेली की काळी ठिक्कर होऊन बाहेर येते.

भाच्याने शेवटी दुसरीकडचं पंधरा इंची मशीन घेतलं, दोनशे शीटांचा डेमो घेऊन. पहिल्या मशीनवाल्याने नमुना म्हणून दिलेला ग्लॉसचा एक रोल त्याच्याकडे राहिला होता. परवा रात्री त्याने फोटो पाठवला: छोटा डिजिटल काटा, वर ए-फोरचे दहा तुकडे, आकडा साडेतेरा. खाली लिहिलं होतं, "मामा, रोलवर २७ लिहिलंय. परत करू का?"

फुकटचा रोल परत कुणाला करणार? म्हटलं, पाट्या कर त्याच्या. "आज दुकान बंद आहे" वगैरे.